घरकामाला येणाऱ्या मावशी आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसात डबा खाताना, नातेवाईकांकडे, सगळीकडे फिरून फिरून हेच प्रश्न येतात म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढली. पुण्यातल्या फ्लॅट सिस्टीमचा अनुभव जास्त आहे त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील, पण ठाणे, नाशिक, नागपूरलाही फार वेगळं नसावं. माझी मतं आहेत, पटली नाहीत तर वाद घाला.

नीतीनं जगण्यावर लिहायचं तर भ्रष्टाचार, पर्यावरण वगैरे सोडून एकदम मोलकरणीवर का?

कारण भ्रष्टाचाराबद्दल आपण चहा पिताना बोलतो आणि तो चहाचा कप घासणारी बाई पाच फुटांवर उभी असते. मोठ्या प्रश्नांवर मत असायला काही लागत नाही हो, इथे मात्र रोज सकाळी बेल वाजली की आपण काहीतरी निर्णय घेत असतो, पैशाचा, बोलण्याचा, संशयाचा. आणि इथे आपल्यावर कुणाचं लक्ष नसतं. लेबर इन्स्पेक्टर आपल्या किचनमध्ये येत नाही.

आम्ही तिला अगदी घरच्यासारखं वागवतो. मग अजून काय पाहिजे?

हे वाक्य ऐकलं की मी सावध होते, खरं सांगते. घरच्यासारखं म्हणजे नेमकं काय? घरच्यांना आपण सुट्टीचे पैसे कापत नाही आणि घरच्यांना खुर्चीवर बसायला सांगावं लागत नाही. बहुतेक वेळा ‘घरच्यासारखी’ असते तेव्हा पाहुणे आल्यावर तिनं जास्तीची वीस भांडी न कुरकुरता घासायची असतात, घरचीच ना ती, पण पगारवाढ मागितली की ती बाहेरची होते, ‘एवढं केलं हिच्यासाठी आणि बघा’. तर माझं म्हणणं सरळ आहे, आपलं घर ही तिच्या कामाची जागा आहे. आधी कामाच्या जागी जे लागतं ते द्या, ठरलेला पगार, ठरलेलं काम, सुट्टी, आणि बसायला जागा. प्रेम, जिव्हाळा, लग्नाला जाणं हे सगळं त्याच्यावर, त्याच्याऐवजी नाही.

पगार किती द्यायचा? कायद्यात काही आकडा आहे का?

महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे, पण तो कल्याण मंडळाचा कायदा आहे, पगार ठरवणारा नाही. कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, राजस्थान अशा काही राज्यांनी घरकामाला किमान वेतनाच्या यादीत घेतलंय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११ चा करार क्र. १८९ खास घरकामगारांसाठी आहे, भारतानं तेव्हा बाजूनं मत दिलं आणि मान्यता मात्र अजून दिलेली नाही (आपल्या घरातही असंच असतं, तत्त्व मान्य). जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्राला समिती नेमून घरकामगारांच्या कायद्याचा विचार करा असं सांगितलं. म्हणजे तूर्तास आकडा आपल्यालाच ठरवायचाय.

मी काय करते ते सांगते. ‘कामाप्रमाणे’ रेट असतो ना, भांड्याचे इतके, केर-फरशीचे इतके, तो आधी तासावर आणा. समजा भांडी आणि केर-फरशी मिळून रोज दीड तास जातो, महिन्याला २५०० देताय, रविवार सोडून २६ दिवस. झाले ३९ तास, म्हणजे ताशी साधारण ६४ रुपये. आता मॉलमध्ये गाडी लावायचे तासाला किती देता ते आठवा. शिवाय चार घरांमधला चालायचा वेळ, बसचं भाडं, एखादं घर अचानक सुटलं तर बुडणारे पैसे, हे सगळं ती त्याच ६४ मध्ये बसवते. हा हिशोब एकदा कागदावर केला की ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ हा प्रश्न निदान आपल्या तोंडून येत नाही.

आणि दरवर्षी वाढ. तिनं मागायच्या आधी. मेथीची जुडी महाग झालेली तिलाही कळते.

आमच्या बिल्डिंगमध्ये रेट ठरलेत. मी जास्त दिले तर बाकीच्या बायका म्हणतात तू सवय बिघडवतेस.

हे फारच कॉमन आहे. ग्रुपवर मेसेज पडतो, ‘प्लीज कुणीही इतक्याच्या वर देऊ नये, सगळ्यांना त्रास होतो.’ गंमत बघा, आपण मालक लोकं एकत्र येऊन रेट ठरवतो ते सोयीचं, आणि त्यांनी एकत्र येऊन रेट सांगितला की ती दादागिरी. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, पगारवाढ, सुट्टी, बोनस असल्याच मागण्या, आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. म्हणजे आज आपण ज्या महिन्याच्या सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस ‘रीतच आहे’ म्हणून देतो ना, त्यासाठी आधी कुणीतरी कामावर न जाऊन दाखवलं होतं.

शेजारीण चिडली तर चिडू दे. तुमच्या नवऱ्याचं अप्रेझल चांगलं झालं तर बाकी कंपनीवाले येऊन भांडतात का?

खाडे कापायचे का? आणि आम्ही पंधरा दिवस गावाला गेलो तर?

दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी सुट्टी ठरवा, म्हणजे आठवड्याला एक पूर्ण दिवस (मला हेच बरोबर वाटतं, आपल्याला दोन लागतात) किंवा अगदीच जमत नसेल तर महिन्याला चार, शिवाय सणाच्या आणि आजारपणाच्या वेगळ्या. हे ठरलं की त्याच्या आतल्या सुट्टीला खाडा म्हणायचंच नाही. कॅलेंडरवर लाल पेनानं फुल्या मारून महिनाअखेरी तिच्यासमोर मोजणारी घरं मी बघितलीत, तीच माणसं स्वतः सिक लिव्ह टाकून महाबळेश्वरला जातात.

तुम्ही गावाला गेलात तर पूर्ण पगार. ती यायला तयार होती, दार तुम्ही बंद केलंत. करोनाच्या लॉकडाऊनमध्ये हे सगळ्यात स्पष्ट दिसलं, काही घरांनी महिनोन्‌महिने पगार घरपोच पाठवला आणि काहींनी ‘काम नाही तर पैसे कसले’ म्हणून फोन उचलणं बंद केलं, दोन्ही घरं एकाच मजल्यावर. २०२१ मध्ये सरकारनं घरकामगारांना १५०० रुपये दिले पण ते मंडळाकडे नोंदणी असलेल्यांनाच, आणि कित्येकींना नोंदणी असते हेच माहीत नव्हतं.

ही नोंदणी काय भानगड आहे? आपण काही करायचं असतं का?

हो, आणि वेळ फार जात नाही. १८ ते ६० वयाच्या घरकामगार बाईची कामगार खात्याच्या ऑफिसात मंडळाकडे नोंदणी होते, नंतर नूतनीकरण करत राहावं लागतं. त्यासाठी ती अमुक घरी काम करते असा मालकाचा दाखला लागतो आणि इथेच लोकं कच खातात, ‘उद्या काही झालं तर आपली सही नको’. अहो काय होणार आहे? तुमच्याकडे ती काम करते हे वॉचमनपासून सगळ्यांना माहीत आहे. सही द्या. ई-श्रम कार्डही (असंघटित कामगारांची केंद्राकडची नोंदणी) काढून द्या, घरातला कॉलेजातला मुलगा दहा मिनिटांत करेल.

दिवाळीला साडी दिली तर चालेल का?

एक महिन्याचा पगार रोख, मग वर वाटली तर साडी. बोनसऐवजी साडी देणाऱ्या घरांची संख्या मोजली तर तिच्याकडे न नेसलेल्या साड्यांचा ढीग आणि पोराच्या क्लासची फी बाकी, असं निघेल. आणि जुने कपडे, फुटका कुकर, परवाची भाजी हे ‘देणं’ नाही, ती आपली माळा साफ करायची सोय आहे. उपयोगी असेल तर विचारून द्या, नको म्हणाली तर तोंड वाकडं करू नका.

वेगळा कप ठेवणं चुकीचं आहे का? आमच्यात जात वगैरे काही नाही, फक्त हायजिन म्हणून.

ह्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय.

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही ड्राय बाल्कनीत जा. वॉशिंग मशीनच्या वर, साबणाच्या डब्याशेजारी, एक कप उपडा घातलेला असतो. कान तुटलेला, किंवा कुठल्यातरी बँकेनं फुकट दिलेला, आतून चहाचा डाग बसलेला. घरातले बाकी सगळे कप रॅकवर. हा कप ती स्वतःच उचलते, चहा पिऊन स्वतःच विसळते आणि स्वतःच परत तिथे ठेवते. कुणी तिला काही सांगितलेलं नसतं, पहिल्या दिवशीच कळतं.

आता हायजिनचं बघू. त्या घरातलं प्रत्येक ताट, वाटी, पाण्याचा जग तिच्या हातानं घासलेला आहे. पोळ्या लाटायला येत असेल तर तुमच्या तोंडात जाणारा घास तिनं हातानं मळलाय. तिच्या हाताला चालतं आणि ओठाला चालत नाही, हे कुठल्या मेडिकलच्या पुस्तकात लिहिलंय? प्लंबर आला, इंटरनेटवाला आला, मुलाचे मित्र आले, त्यांना कुठला कप देता? सोसायटीचा सेक्रेटरी सर्दीनं शिंकत आला तरी त्याला चांगल्या सेटमधलाच.

आपण जात म्हणत नाही, पण विचारतो की. ‘कुठल्या तुम्ही? आडनाव काय?’ आणि स्वयंपाकाला एक आडनाव चालतं आणि संडास-बाथरूमला दुसरं, ही वाटणी कुठल्या हायजिनची? घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता संपवली, त्याच्या कितीतरी आधी १८६८ मध्ये जोतिबा फुल्यांनी ह्याच पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आपण त्यांच्या जयंतीला स्टेटस ठेवतो आणि बाल्कनीत कप ठेवतो.

काय करायचं ते सोपं आहे, तो कप आजच कचऱ्यात टाका आणि कुणी काही न बोलता रॅकवरचा कप द्या. भाषण नको. सासूबाई काही म्हणाल्या तर ती गोष्ट तुमची आणि सासूबाईंची आहे, मावशींच्या समोर नको. आणि हो, ती चटकन खुर्चीवर बसणार नाही, जमिनीवरच बसेल, खूप वर्षांची सवय असते. मागे लागून लागून बसवू नका, तिला अवघडायला होतं. तुम्हीही पाच मिनिटं खाली बसा हवं तर.

टॉयलेट वापरू द्यायचं का?

हो. सकाळी सहाला घरातून निघालेली बाई दुपारी दोनपर्यंत चार घरं करते, खालचं सोसायटीचं टॉयलेट कुलूप लावलेलं, किल्ली वॉचमनकडे, तो पुरुष, विचारायला लाज. मग ती पाणीच पीत नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते बायकांना सांगायला नको. पहिल्या दिवशीच घर दाखवताना ‘हे बाथरूम, लागलं तर वापरा’ एवढं बोलून टाका, विषय संपला. लिफ्टचं तेच. ‘मेड्सनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी’ अशी पाटी तुमच्या बिल्डिंगमध्ये असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये हात वर करा. ग्रुपवर अंगठा दाखवून काही होत नाही.

ॲडव्हान्स मागतात. द्यावा का? परत येतील का पैसे?

देता येईल तेवढा द्या आणि कसा फेडायचा ते तेव्हाच ठरवा, महिन्याला पगाराच्या पाव भागापेक्षा जास्त कापू नका, वहीत दोघींच्या समोर लिहा. तुम्ही नाही म्हटलात तर ती बचत गटाकडे जाईल, तिथे नाही मिळालं तर मायक्रोफायनान्स नाहीतर वस्तीतला व्याजवाला आहेच, त्याचा दर ऐकून आपल्याला चक्कर येईल. एक मात्र पाळा, ॲडव्हान्स दिलाय म्हणून तिला काम सोडता येणार नाही असं वागायचं नाही. पैशात अडकवून कामाला धरून ठेवणं म्हणजे वेठबिगारी, १९७६ पासून त्यावर कायद्यानं बंदी आहे. ह्याला फ्लॅटमधली वेठबिगारी म्हटलं की लोकांना राग येतो, येऊ दे.

घरातून काहीतरी हरवलं. संशय येतोच ना?

येतो. पण क्रम बघा, अंगठी सापडली नाही की पहिलं नाव तिचं, मग सोफ्याखाली बघणं. आधी चार दिवस नीट शोधा. खरंच मोठी चोरी असेल, पुरावा असेल, तर पोलिसात जा, तो तुमचा हक्क आहे. पण ग्रुपवर फोटो टाकून ‘बिवेअर ऑफ धिस मेड’ हा प्रकार अजिबात नको, एका मेसेजवर बाईची सहा घरं सुटतात आणि अंगठी नंतर प्रवासाच्या बॅगेच्या कप्प्यात सापडली तरी दुसरा मेसेज कुणी टाकत नाही. गेटवर जाताना पिशवी तपासणं, गेटच्या अ‍ॅपवर बायकांना स्टार देणं हेही मला पटत नाही. तिलाही आपल्याला स्टार द्यायची सोय असती तर कितीजण तीनच्या वर गेलो असतो?

घरात कॅमेरा असेल तर कुठे आहे ते तिला सांगा. लपवून ठेवू नका.

सुट्टीत तिची मुलगी सोबत येते आणि हातभार लावते. चालतं का?

मुलगी येऊ दे, बसू दे, अभ्यास करू दे, टीव्ही बघू दे. काम नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासूनच बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर जवळजवळ कुठल्याच कामाला ठेवता येत नाही. ‘आईच करायला लावते, आम्ही कुठे सांगितलं’ हे उत्तर देऊ नका, भांडी तुमची आहेत. आई आजारी म्हणून सातवीतली पोर एकटी कामाला आली तर तिला परत पाठवा आणि आईचा पगार कापू नका, नाहीतर उद्या परत येईल. कुठे लहान मुलगी राबवलेली दिसली तर १०९८ वर फोन करता येतो, नाव सांगावंच लागतं असं नाही.

नवरा दारू पिऊन मारतो असं सांगते. आपण मध्ये पडावं का?

तिला विचारून. आपण शहाणपणा करून परस्पर पोलिस पाठवले तर संध्याकाळी घरी ती एकटीच असते. ऐकून घ्या, १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, तिची कागदपत्रं किंवा थोडे पैसे तुमच्याकडे ठेवायचे म्हणाली तर ठेवा. आणि ‘तुमच्यात असंच असतं’ हे वाक्य गिळा, तुमच्यातही असतं, फक्त भिंती जाड असतात.

ह्याच्याच उलटा प्रश्न कुणी विचारत नाही तो मीच विचारते, आपल्या घरातल्या पुरुषानं तिला त्रास दिला तर? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा घरकामगारांनाही लागू आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार होते. एखादी चांगली टिकलेली बाई काही न सांगता काम सोडून गेली तर ‘ह्या अशाच’ म्हणायच्या आधी जरा घरात नजर फिरवा.

वीस वर्षं आमच्याकडे काम केलं, आता गुडघे गेलेत. तिला काढलं तर वाईट वाटतं, ठेवलं तर काम होत नाही.

वाईट वाटणं पुरेसं नाही. तुम्हाला वीस वर्षांनी ग्रॅच्युइटी मिळते, तिला कायद्यानं मिळत नाही, म्हणून तुम्ही द्या. दर वर्षाचा पंधरा दिवसांचा पगार ह्या साध्या हिशोबानं काढलं तरी वीस वर्षांचे दहा महिन्यांचे पगार होतात. एकदम जमणार नसेल तर दरमहा थोडे. तरुण बाई असेल तर आत्तापासून पोस्टात आरडी उघडा. केंद्राची श्रमयोगी मानधन योजना १८ ते ४० वयात सुरू करता येते, वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरतं, साठीनंतर महिना ३००० पेन्शन. केंद्राच्याच योजनांमधला अपघात विमा वर्षाला २० रुपये, जीवन विमा ४३६ रुपये, दोन्हींचं कव्हर दोन-दोन लाख, बँकेच्या खात्यातून आपोआप कापले जातात. एका पिझ्झाच्या पैशात वर्षाचे दोन्ही हप्ते होतात, तुम्हीच भरा.

आम्ही अमेरिकेत, आई-बाबा पुण्यात, चोवीस तासांची बाई ठेवलीय. काय बघायचं?

ब्युरोला, म्हणजे बाई पुरवणाऱ्या एजन्सीला, तुम्ही जे पैसे देता त्यातले तिच्या हातात किती पडतात, हा पहिला प्रश्न. ब्युरोवाल्याला नाही, तिला विचारा. दुसरं, चोवीस तास म्हणजे चोवीस तास जागं राहणं नाही, बाबांना रात्री चार वेळा उठवावं लागत असेल तर तिला दुपारी सलग झोप मिळते का? झोपते कुठे, हॉलमध्ये सतरंजीवर की दार लावता येईल अशा जागी? आठवड्याची सुट्टी कोण भरून काढतं? डिमेन्शिया झालेले आजोबा शिव्या देतात, कधी हात उचलतात, तेव्हा ती काय करते हे तुम्ही व्हिडिओ कॉलवर कधी विचारलंय का, की कॉल फक्त ‘आईला औषध दिलं का’ एवढ्यापुरता? तुमच्या न्यू जर्सीच्या घरी तासावर येणाऱ्या माणसाशी जसं अदबीनं बोलता तसं इथेही बोलता येतं. तुम्ही तिथे निवांत झोपता ते तिच्या भरवशावर.

दहा मिनिटांत बाई पाठवणारी अ‍ॅप्स वापरावीत का?

गरज पडली तर वापरा. बायकांना खात्यात पैसे मिळतात, कुणाशी घासाघीस करावी लागत नाही, हे फायदे आहेतच. पण दहा मिनिटांची घाई तुम्हाला खरंच आहे का? उन्हात धावत आलेल्या बाईला पाणी द्या आणि जिन्यात लेट झालं म्हणून रेटिंग कापू नका.

डिशवॉशर घेतला तर तिचं काम जाईल. घेऊ की नको?

घ्या. पण एक तारखेला सांगून पंधराला बंद असं नको, दोन-तीन महिने आधी सांगा, किंवा भांड्यांऐवजी दुसरं काम त्याच पगारात द्या.

लाडकी बहीण सुरू झाल्यापासून बायका मिळतच नाहीत म्हणे!

२०२४ च्या जुलैपासून महिन्याला १५०० मिळायला लागले आणि त्याच्यासाठी कुणी आठ हजारांचं काम सोडलं, असं म्हणणाऱ्यानं स्वतः १५०० वर महिना काढून दाखवावा. एखादीनं सगळ्यात वाईट वागवणारं एक घर सोडलं असेल तर मला आनंदच आहे.

मग बाई ठेवणंच चुकीचं आहे का? आपलं काम आपण करावं?

करता आलं तर उत्तमच, विशेषतः घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनी. पण १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कुटुंबंच्या कुटुंबं पुण्या-मुंबईला आली, कितीतरी बायका घरकामाला लागल्या, आणि त्यांच्या लेकी-सुना आजही ह्याच कामावर घर चालवतात. मला पाप लागेल म्हणून मी बाई काढून टाकली, ह्यात पाप तुमचं जातं आणि पगार तिचा. फक्त खरकटं ताट सिंकमध्ये टाकायच्या आधी विसळा, अंतर्वस्त्रं आपली आपण धुवा, आणि पोरगं दारातून ‘ए’ म्हणून हाक मारत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

एवढं सगळं केलं तरी पाचशे जास्त मिळतात म्हणून सोडून गेली!

मग? तुम्ही मागच्या वर्षी कंपनी कशासाठी बदलली? राहिलेल्या दिवसांचे पैसे त्याच दिवशी द्या, किल्ली परत घ्या, आणि तिच्या ओळखीत कुणी आहे का ते तिलाच विचारा, बहुतेक वेळा ती जाताना जावेला नाहीतर शेजारणीला आणून देते.